शनीबद्दल हरकत नाही

शाळेच्या फाटकापासून धक्क्यापर्यंतच्या रस्त्यावर चौदा घरं, तीन दुकानं, एक पिठाची गिरण, बत्तीस विजेचे खांब (त्यांतले सात वाकलेले), एक मोरी, एक पोस्टाची पेटी आणि फाटकालगत ‘धक्का १.५ कि.मी.’ असं लिहिलेला एक दगड, एवढ्या वस्तू होत्या. यात माड धरलेले नाहीत. माड मोजायला उर्वशी मांजरेकरने दोनदा सुरुवात केली होती, पण दोन्ही वेळा एकशे दहाच्या आसपास कुणीतरी थांबून ‘बाई, काय हरवला काय?’ असं विचारलं आणि आकडा सुटला. सहावीत शिकवणारी बाई भर दुपारी झाडांकडे बोट करत चालली असेल तर तिचं काहीतरी हरवलं असणार, याबद्दल बंदरवाडीत दुमत नव्हतं.

हरवलं काहीच नव्हतं. सापडली होती ती एक चूक, आणि तीही अडतीसपैकी एकतीस पेपरांत. सहामाहीला ‘सूर्यमालेची आकृती काढा’ असा प्रश्न होता. एकतीस मुलांनी सूर्याशेजारी नऊ ग्रह अगदी सारख्या अंतरावर काढले होते, दोरीवर सदरे वाळत घालावेत तसे. उरलेल्या सातांतल्या पाचांनी प्रश्न सोडला होता आणि दोघे सूर्यच विसरले होते. उर्वशीला त्या रात्री जेवण गेलं नाही. मुलांचा दोष नव्हता, पुस्तकातलं चित्रच तसं होतं. पानाच्या रुंदीत नेपच्यून बसवायचा तर दुसरं कोण काय करणार? पण तिने भौतिकशास्त्रात पदवी घेतली होती, आणि सूर्यमाला ही मुख्यतः रिकामी जागा आहे हे सहावीतल्या मुलांना कळू नये ही गोष्ट तिला वैयक्तिक अपमानासारखी वाटत होती.

म्हणून तिने ठरवलं, सूर्यमाला रस्त्यावर मांडायची. एक मीटर म्हणजे तीस लाख किलोमीटर. सूर्य फाटकात, पृथ्वी पन्नास मीटरवर, मंगळ शहात्तरवर, शनी चारशे सत्त्याहत्तरवर, नेपच्यून दीड किलोमीटरवर, म्हणजे धक्क्यावर. शनिवारी सगळा वर्ग सूर्यापासून चालत निघेल आणि पायांनीच अंतर शिकेल.

मुख्याध्यापक रामचंद्र सावंत सर गणिताचे. वर्गाबाहेर शिकवणं म्हणजे शिकवण्याची टाळाटाळ, असं त्यांचं बावीस वर्षांचं मत होतं. उर्वशी शिक्षणसेवक, नोकरीचं पहिलंच वर्ष. तिने दर शनिवारी विज्ञानाचा एक तास बाहेर घ्यायची परवानगी मागितली होती आणि ती जूनपासून ‘विचाराधीन’ होती. आता सरांनी विचार संपवला. त्यांनी अट घातली ती अशी: येत्या शनिवारी दहा वाजता ते स्वतः कुडाळहून आणलेल्या पोलादी टेपने प्रत्येक ग्रहाचं अंतर मोजतील. प्रत्येक ग्रह एक टक्क्याच्या आत बरोबर असला तर वर्षभर दर शनिवारचा तास बाहेर. एक जरी ग्रह चुकला किंवा जागेवर नसला, तर यापुढे विज्ञान चार भिंतींत, फळ्यावर, आणि त्याबद्दल पुन्हा बोलणं नाही.

“एक टक्का खूप झाला, सर,” उर्वशी म्हणाली. हे वाक्य तिने पुढच्या पाच दिवसांत बरेचदा आठवलं.

ग्रह जमवणं सोपं गेलं. ती ज्यांच्याकडे भाड्याने राहायची त्या आनंदीकाकूंच्या स्वयंपाकघरात अख्खी सूर्यमाला होती. त्या मापाने सूर्य शेहेचाळीस सेंटिमीटरचा, म्हणजे पिवळा रंग दिलेली एक गोल टोपली. पृथ्वी आणि शुक्र चार चार मिलिमीटरचे, म्हणजे दोन काळी मिरी. मंगळ मोहरी, बुध नाचणी, प्लुटो खसखस. त्या वर्षी, म्हणजे २००५ साली, प्लुटो अजून ग्रह होता. युरेनस आणि नेपच्यून ही दोन छोटी बोरं. युरेनस आठवड्याभरात दोनदा खाल्ला गेला, तो भाग वेगळा. गुरू म्हणून उर्वशीने लिंबू निवडलं होतं. काकूंनी ते तिच्या हातातून काढून घेतलं. काठीला टोचलेलं लिंबू कुणाच्या दारासमोर उभं केलंस तर दुसऱ्या दिवशी गाव तुझ्या दारासमोर उभं राहील, असं त्यांनी समजावलं आणि सालासकट एक टपोरी सुपारी दिली. जराशी लहान दुसरी सुपारी शनीसाठी. तिला पुठ्ठ्याचं कडं. पृथ्वीसाठी काकूंनी बरणीतली मिरी चाळून चाळून एक निवडली. आपण राहतो ती तरी किडकी नसावी, एवढंच त्यांचं म्हणणं.

मोजायला मात्र काही नव्हतं. शाळेच्या पंधरा मीटरच्या कापडी टेपचे पहिले दोन मीटर खेळाच्या सरांनी कधीतरी कशाला तरी बांधले होते, आणि उरलेली टेप इतकी ताणली गेली होती की ती स्वतःच्याच आकड्यांशी सहमत नव्हती. तेव्हा उर्वशी बाबली तांडेलकडे गेली.

बाबलीची होडी होती, आणि किनाऱ्यावर दोर मोजतात तो वावेने: दोन्ही हात पसरायचे, एका मुठीपासून दुसऱ्या मुठीपर्यंत दोर ताणायचा, ती एक वाव, आणि दर वावेला एक गाठ. जाळी, नांगर, पाण्याची खोली, सगळं वावेत. उर्वशीने त्याला भिंतीशी उभं करून हात पसरायला लावले, खडूने खुणा केल्या आणि फूटपट्टीने मोजलं. एकशे त्र्याहत्तर सेंटिमीटर. तीनदा मोजलं, तीनदा तेच. म्हणजे एकोणतीस वाव दोर हा पन्नास मीटर, सूर्य ते पृथ्वी एका दोरात. बाबलीने संध्याकाळपर्यंत दोर द्यायचं कबूल केलं आणि संध्याकाळी दोर मिळाला. विज्ञान आणि परंपरा यांचा हा संगम उर्वशीने वहीत लिहूनही ठेवला, खाली रेघ मारून.

त्या दोराने तिने सोमवारी ग्रह मोजले, पाट्या लिहिलेल्या बांबूच्या काठ्या ठोकल्या. एकच गोष्ट जुळली नाही. नेपच्यून धक्क्यावर यायला हवा होता. तो धक्क्याच्या अलीकडे, खूपच अलीकडे आला. उर्वशीने दगडावरचा ‘१.५’ हा आकडा पुन्हा वाचला, आणि सरकारी दगड चुकीच्या जागी बसवला आहे, असा निष्कर्ष काढला. तिने हेही वहीत लिहिलं.

मंगळवारी ग्रामसेवक हरिश्चंद्र परब यांचा निरोप आला.

पंचायतीच्या रस्त्यालगत सूर्य धरून नऊ काठ्या विनापरवाना आढळल्या होत्या. परब कार्यालयात बसले की शुद्ध मराठी बोलत. त्यांनी विचारलं की सदर ग्रह हे जाहिरात फलक या सदरात मोडतात, धार्मिक बांधकामात की तात्पुरत्या मंडपात. उर्वशीने ते शैक्षणिक असल्याचं सांगितलं. शैक्षणिक असं सदर नव्हतं. अर्ध्या तासाच्या चर्चेनंतर सूर्यमाला ‘तात्पुरता मंडप, नग नऊ’ अशी नोंदली गेली. मात्र मंडपाला लागतो तसा प्रत्येक ग्रहासमोरच्या घरमालकाचा ना हरकत दाखला लागेल, असं परब म्हणाले. सूर्य शाळेच्या हद्दीत, त्याला नको. प्लुटो धक्क्यापलीकडे पाण्यात जात होता. तो पंचायतीच्या हद्दीबाहेर, त्याचा अर्ज बंदर खात्याकडे. सावंत सरांनी हे ऐकून प्लुटोला अटीतून वगळलं, कारण पोलादी टेप खाऱ्या पाण्यात ते नेणार नव्हते. बाबली म्हणाला, शनिवारी आपण ती खसखस होडीत घालून अंदाजाने लांब जाऊन उभं राहू. या मोहिमेत विनाअट मिळालेला हा एकमेव होकार.

दाखल्याचा मजकूर परबांनीच सांगितला: ‘माझ्या घरासमोर अमुक ग्रह उभा करण्यास माझी काही हरकत नाही.’ उर्वशीने आठ प्रती काढल्या आणि निघाली.

पृथ्वीला कुणाची हरकत नव्हती. शुक्रालाही नव्हती. मंगळ सुशीला गावडे यांच्या फाटकात आला होता. सुशीलाकाकींनी कागद वाचला, काठी वाचली, आणि उर्वशीला घरात बसवून पाणी दिलं, जसं वाईट बातमी आणणाऱ्याला देतात.

“बाई, शनवारी माझ्या चेडवाक बघूक पावणे येतत,” त्या म्हणाल्या, “आणि तुमी दारात मंगळ ठोकतास? तोय पाटी लावन?”

त्यांची मुलगी पूजा आतून म्हणाली की पाव्हण्यांना वाचता येत असेल तर त्यावर ‘अंतर बावीस कोटी ऐंशी लाख किलोमीटर’ असंही लिहिलंय. आईने तिला गप्प केलं. उर्वशीने मनात हिशोब केला: एक टक्का म्हणजे शहात्तर सेंटिमीटर. तेवढ्याने मंगळ फाटकाच्या एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे जाईल, बाहेर नाही. मंगळ हलवता येत नव्हता.

पण सूर्य हलवता येत होता. अंतरं सूर्यापासूनची, सूर्यच आठ मीटर मागे, शाळेच्या मैदानात नेला की सगळी सूर्यमाला आठ मीटर शाळेकडे सरकेल आणि मंगळ गावड्यांच्या कुंपणाच्या टोकाला जाईल. ही युक्ती सुचल्यावर उर्वशी इतकी खूष झाली की तिने ती सुशीलाकाकींना समजावून सांगितली. तिथे चूक झाली. तासाभरात सगळ्या रस्त्याला कळलं की बाईंचा सूर्य सांगितला तर सरकतो.

सूर्य आठ मीटर मागे गेल्यावर शनी, जो आधी महादू नाईकांच्या गिरणीच्या कडेला होता, तो थेट गिरणीच्या दारात आला. महादूने दळण थांबवलं. गिऱ्हाईकांनी त्याला तेल आणायचा सल्ला दिला. एकाने आणलंही, आणि शनीचं पुठ्ठ्याचं कडं त्या तेलात भिजून मान टाकल्यासारखं खाली लोंबलं. महादू शाळेत आला तो भांडायला नव्हे, विनंती करायला. “सूर्य आणखी थोडो मागे घेवा. तुमचा काय जाता?” बुधवारी सूर्य आणखी सहा मीटर मागे, वऱ्हांड्यात गेला.

आता गुरूचं निघालं. गुरू दारात असणं कुणाला नको होतं? शेजारी शेजारी राहणारे दोन भाऊ, गेली अकरा वर्षं एकमेकांशी न बोलणारे, आपापला दाखला सही करून घेऊन आले होते. उर्वशीने मागायच्या आधी. गुरू थोरल्याच्या हद्दीत आहे असं धाकट्याला दिसलं, तेव्हा त्याने विचारलं की शिक्षणखात्याने अशी बाजू घ्यावी का. उर्वशीने हिशोब केला. सूर्य बरोबर आणखी आठ मीटर मागे नेला तर गुरू दोघांच्या सामाईक कुंपणावर येत होता. एकूण बावीस मीटर. तिने मैदान, वऱ्हांडा, दार असं मोजत पाहिलं, आणि मोजणी जिथे संपली तिथे सावंत सर बसले होते.

सरांच्या टेबलावर बरोबर मध्यभागी, हजेरीपटाच्या शेजारी, गुरुवारी सकाळी पिवळी टोपली ठेवली गेली. सरांनी हजेरीपट थोडा बाजूला सरकवला. मग ते म्हणाले की मोजायला आपल्याला उठावं लागणार नाही ही एक सोय आहे. बुध त्यामुळे मैदानातच पडला. त्याचा दाखला सरांनी स्वतः दिला, दोन ठिकाणी सही करून.

शुक्रवारी दुपारपर्यंत आठच्या आठ दाखले उर्वशीच्या पिशवीत होते. ती धक्क्यावर जाऊन बाबलीला दोर परत देऊ लागली. बाबलीने दोराचं एक टोक हातात घेतलं, नुसतं उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं.

“बाईनू, हो दोर माझ्या वावेन मोजलेलो नाय.”

उर्वशीला पायाखालचा धक्का हलल्यासारखा वाटला. हळूहळू उलगडा झाला. त्या संध्याकाळी बाबली मोजायला बसणार तोच रापणीची हाक आली. किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला माणसं कमी पडत होती. तो बायकोला सांगून गेला, बाईंना एकोणतीस वाव दोर हवा. सावित्रीने मोजून दिला. एकोणतीस वाव, स्वतःच्या हातांनी. एवढी वर्षं त्या घरात कुणी दोर मोजला हे कुणी विचारलं नव्हतं, कारण बाबलीचा दोर बाबलीच्या होडीला आणि सावित्रीचा सावित्रीच्या टोपल्यांना.

सावित्रीची वाव निघाली एकशे बावन्न सेंटिमीटर. दोर पन्नास नव्हे, चव्वेचाळीस मीटरचा होता. सूर्यमाला बारा टक्क्यांनी आखडली होती, आणि रस्त्यालगतचा दगड बरोबर होता. उर्वशीने वही उघडून दगडाबद्दलचं वाक्य खोडलं. विज्ञान आणि परंपरेच्या संगमाखालची रेघही खोडली. मग तिथेच जाळ्यांच्या ढिगावर बसून रडावं का याचा तिने साधारण एक मिनिट विचार केला. पण उजेड दोन तासांचा उरला होता, आणि ते दोन तास तिला दुसऱ्या कामाला हवे होते. बाबलीने नवा दोर मोजून दिला, या वेळी तिच्यादेखत.

नव्या मोजणीने सगळेच पुढे गेले. मंगळ गावड्यांच्या कुंपणाच्या अलीकडेच, मोरीवर जाऊन थांबला. मोरी सरकारी, तिची हरकत कोण घेणार. सुशीलाकाकींनी ही बातमी ऐकून उर्वशीला पाच नारळ दिले. गुरू दोन्ही भावांना सोडून भाईच्या पानपट्टीसमोर आला. भाईने काही मागितलंच नव्हतं; त्याने सही केली आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला. त्या दोन भावांनी मात्र एकमेकांकडे पाहिलं आणि अकरा वर्षांत प्रथमच एकमेकांशी बोलले. विषय होता बाईंचा बेभरवशीपणा. युरेनस माडांत, नेपच्यून धक्क्याच्या तोंडाशी. दगडावरच्या आकड्याला फक्त बावीस मीटर कमी, म्हणजे सूर्य मागे गेला तेवढेच.

आणि शनी? शनी बाबली आणि सावित्रीच्याच फाटकासमोर आला, अबोलीच्या वाफ्याजवळ.

शनिवारी सकाळी साडेआठला उर्वशी दाखला घेऊन तिथे उभी होती. बाबलीने सही करायला पेन घेतलं होतं, पण घर सावित्रीच्या नावावर होतं. सावित्री मासे विकून नुकतीच आली होती. टोपली अजून ओली. तिला शनीची भीती होती असं नाही. राग वेगळाच होता. सगळ्या रस्त्यावर लोक कालपासून म्हणत होते, सावित्रीच्या वावेने ग्रह चुकले.

“माझी वाव खोटी?” ती म्हणाली. “पंधरा वर्सां मी ह्या हातांनी दोर मोजतंय. ह्यो एका हातात तंबाखू घेवन मोजता, ती खरी?”

बाबली अबोलीकडे बघू लागला. सावित्रीचं म्हणणं सरळ होतं. तिच्या दोराने शनी गिरणीजवळ आला होता, आणि तिचा दोर बरोबर होता, म्हणून शनी गिरणीजवळच. कागदावर सही नाही. दीड तासात सर टेप घेऊन निघणार होते. आठांतला एक ग्रह दाखल्याविना, म्हणजे पंचायतीच्या लेखी तो तिथे नाहीच. आणि जो नाही त्याची चूक शंभर टक्के. उर्वशीला आपला वर्षभराचा शनिवार अबोलीच्या वाफ्यात पडलेला दिसला.

तिला एक सोपा मार्ग होता: चूक झाली, माफ करा, तुमची वाव जरा लहान आहे एवढंच, असं म्हणायचा. ती म्हणाली नाही. ती काल रात्री दोन्ही दोर घरी नेऊन पुन्हा पुन्हा तेच आकडे पाहत बसली होती. सावित्रीच्या दोरात गाठीपासून गाठीपर्यंत तिने एकोणतीस वावा फूटपट्टीने तपासल्या होत्या, आणि एकही वाव दुसरीपेक्षा एक सेंटिमीटरहून जास्त वेगळी नव्हती. बाबलीच्या दोरात तीन सेंटिमीटरपर्यंत फरक होता.

“सावित्रीवहिनी, तुमची वाव चुकलेली नाही,” ती म्हणाली. “चुकले मी. माप बाबलीदादांचं घेतलं आणि दोर तुमचा वापरला. तुमची वाव त्यांच्यापेक्षा नेटकी आहे. तिनेच मोजू या.”

तिने खडूने फाटकाच्या खांबावर भागाकार केला. चारशे सत्त्याहत्तर भागिले एक पूर्णांक बावन्न. सूर्यापासून शनी सावित्रीच्या वावेने तीनशे चौदा वाव. तिचाच जुना दोर दहा वेळा, आणि वर चोवीस वाव.

सावित्रीने पदर खोचला. ती शाळेपर्यंत चालत गेली, सावंत सरांच्या टेबलापाशी उभी राहिली, टोपलीच्या मध्यावर दोराचं टोक धरायला तिने सरांनाच सांगितलं. सरांनी धरलं. दुसरं टोक घेऊन ती दारातून, वऱ्हांड्यातून, मैदानातून निघाली. मागे सहावीचा वर्ग, त्याच्या मागे हातात गिरणीचं कुलूप तसंच घेऊन महादू, मग इस्त्रीच्या सदऱ्यातला भाई, सर्वांत शेवटी सर. दर दोराला मुलं मोठ्याने आकडा म्हणत होती. पृथ्वीपाशी एकाने विचारलं, बाई, पृथ्वी खंय? ती मिरी दिसेना म्हणून अडतीस डोकी काठीभोवती जमली. मोरीवर मोहरी सापडायला त्याहून वेळ लागला. गुरूनंतर बराच वेळ काहीच आलं नाही, नुसता रस्ता, आणि रांगेतली एक मुलगी कंटाळून म्हणाली की एवढी मोकळी जागा कशाला ठेवली आहे. उर्वशीला तिला मिठी मारावीशी वाटली. तिने ते केलं नाही, कारण सर अजून ऐकण्याच्या अंतरात होते.

दहावा दोर संपला. सावित्री आता वाव वाव मोजू लागली, हात ताणून, मान सरळ, कुणाकडेही न बघता. तीनशे आठ. तीनशे अकरा. तीनशे चौदाव्या वावेला तिची मूठ अबोलीच्या वाफ्याच्या कडेला, बाबलीने ठोकलेल्या काठीच्या जेमतेम हातभर पुढे थांबली.

तिने आपल्या मुठीकडे पाहिलं, मग फाटकाकडे.  बाबलीने तोंडातला तंबाखू चघळायचा थांबवला.

“काठी हयसर घेवा,” सावित्री म्हणाली. “त्याची जागा चुकली. आणि तो कागद हाडा.”

तिने सही केली, सावकाश, पूर्ण नावाची. काठी हातभर पुढे ठोकली गेली. मग तिने सरांना टेप घेऊन यायला सांगितलं. इतरांचं नंतर, आधी आपलं मोजायचं.

सावंत सरांनी तीस मीटरची टेप सोळा वेळा लावली, प्रत्येक वेळी जमिनीवर खिळा ठोकून. एक टोक उर्वशीच्या हातात होतं. अबोलीपाशी येऊन सरांनी चष्मा वर केला, आकडा वाचला, परत वाचला, खिशातली डायरी काढली आणि लिहिलं. बाकीचे सात ग्रह त्यांनी पुढच्या दोन तासांत मोजले. सर्वांत जास्त चूक मंगळाची निघाली, शून्य पूर्णांक सात टक्के. शनीची नोंद डायरीत सर्वांत वर आहे:

शनी. अपेक्षित ४७६.७ मीटर. मोजलेलं ४७८.१ मीटर. चूक ०.३ टक्के.